चाळीस पोट्ट्यांचा वन्स मोअर

पुष्पलताबाई नाटकाच्या गद्य प्रवेशांच्या तालमीसाठी ऑटोत बसल्या. ऑटो प्रताप नगरच्या वळणावरून दिसेनासा झाला, तेव्हा वामनरावांनी अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि सतरंजीवर बसलेल्या चाळीस मुलांना हळू आवाजात सांगितलं, "आज सारेगम बंद. आज दुसरंच शिकायचं आहे. पण आजीले सांगायचं नाही."

मुलं एकदम चिडीचूप झाली. सारेगम बंद होण्यापेक्षा आजीला सांगायचं नाही हे जास्त गोड होतं.

वामनराव बहात्तर वर्षांचे. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्या अंगणात मुलांना फुकट शिकवू लागले. शिकवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. येत्या रविवारी 'संगीत पद्मरेखा' हे जुनं नाटक नागपुरात पुन्हा उभं राहणार होतं. त्यात ते ऑर्गन वाजवणार होते आणि त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई राजमाता होणार होत्या.

"नाटकात मधे मधे गाणी असतात, त्याले पद म्हणतात," वामनराव म्हणाले. "एखादं पद फार आवडलं, की आपण वरडून म्हणायचं, वन्स मोअर! मग गाणाऱ्याले ते पुन्हा म्हणावं लागते. नाही म्हणता येत नाही. तशी रीतच आहे."

"टीचर असली तरी?" एकानं विचारलं.

"राजा असला तरी."

एवढी सत्ता आपल्याला मिळू शकते हे मुलांना पहिल्यांदाच कळत होतं. आठ वर्षांच्या मुग्धानं हात वर केला. तिचा हात बहुतेक वरच असे.

"सर, कोणत्या गाण्याले म्हणायचं?"

इथे वामनरावांची घोडचूक झाली. "शेवटी आजी गाईल ना, त्या गाण्याले म्हणा," एवढं एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. सगळा खटाटोप त्या एका गाण्यासाठीच तर चालला होता. पण चाळीस वर्षांत त्यांनी कोणत्याही मुलाला तयार उत्तर दिलं नव्हतं. मुलांना रीत शिकवायची, उत्तर त्यांचं त्यांनी काढायचं, हे त्यांचं व्रत होतं.

"ते मी नाही सांगणार," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं ठरवायचं. जे मनापासून आवडलं, ते पुन्हा मागायचं."

मग त्यांनी सराव घेतला. मुलांनी दिलेल्या पहिल्याच वन्स मोअरला शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

या सगळ्यामागे अठ्ठेचाळीस वर्षांची एक रुखरुख होती. हेच नाटक तेव्हा नागपूरच्या हौशी मंडळींनी केलं होतं. म्हातारीची भूमिका कोणी घेईना, म्हणून एकवीस वर्षांच्या पुष्पलतेला केसांना पावडर फासून राजमाता केलं होतं. वामनराव तेव्हा ऑर्गनवाल्याच्या शेजारी बसून वहीची पानं उलटत. नाटकाची शेवटची भैरवी राजमातेची. पण जुनी नाटकं पाच-पाच तास चालत, आणि भैरवीचा पहिला सूर लागला की अर्धं थिएटर उठून चपला शोधू लागे. एकूण अकरा प्रयोग झाले. नायकाला वन्स मोअर, नायिकेला वन्स मोअर, एकदा तर विदूषकालाही. राजमातेला एकही नाही. लग्नानंतर पुष्पलताबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "सगळ्याइले भेटला जी, मलेच नाही भेटला." आणि पुढची जुडी हातात घेतली होती. त्या विसरल्या असतील. वामनराव विसरले नव्हते.

आता हे नाटक उभं करणारा ऋषिकेश हा वामनरावांचाच जुना विद्यार्थी. दिवसा कॉम्प्युटरवर काम, संध्याकाळी तालमी. पोरगं मोठं धीराचं. पाच तासांचं नाटक त्यानं दोन तासांवर आणलं. चौतीस पदांतली तेवीस काढली, आणि प्रत्येक पद काढताना रात्रभर झोपला नाही, असं त्याची आई सांगे. पण गाणं रेकॉर्डिंगवर वाजवायला त्यानं साफ नकार दिला. "सर, गाणं समोर जन्मलं पाहिजे," तो म्हणे. "नाहीतर लोक घरीच पाहतीन ना मोबाईलवर." हे ऐकून वामनरावांना आपण त्याला कधी काळी चुकून पन्नासपैकी बावीस गुण दिले होते याची लाज वाटे.

सक्करदऱ्याकडच्या एका सभागृहात रविवारी सकाळी अकराचा प्रयोग ठरला. दीड वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता, कारण दोन वाजता तिथे वधू-वर परिचय मेळावा होता. ऋषिकेशचा हिशेब पक्का होता. बाराला मध्यंतर, एक दहाला पडदा.

मुलांना बाल्कनीतल्या पहिल्या रांगा मिळाल्या. खाली साडेतीनशे माणसं. अर्धी पांढऱ्या केसांची, अर्धी त्यांना घेऊन आलेली.

तिसरी घंटा झाली. वामनरावांनी रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत बसून ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर पाय ठेवले. पडदा वर गेला आणि नांदी सुरू झाली. सात जणांचा आवाज एकाच वेळी छताला लागला. खालच्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. नांदी संपली, आणि वरून गडगडाट झाला.

"वन्स मोअर!"

साडेतीनशे माना वर वळल्या. लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले. गणरायाला दुसऱ्यांदा नमन झालं. विंगेतून ऋषिकेशचा चेहरा दिसला, तो आनंदानं फुलला होता. वामनरावांनीही मनात म्हटलं, पोट्टे तयार आहेत.

पुढच्या प्रवेशात दुष्ट सेनापती आला. हे काम अंकितचं. अंकित हिंगण्याला एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात खलनायक असायचा. तो तलवार परजत सिंहासनाच्या पायऱ्या चढला, शेला पायात अडकला आणि तो ढोलासारखा खाली घरंगळला. हे नाटकात नव्हतं.

"वन्स मोअर!"

अंकित उठला. त्यानं बाल्कनीकडे पाहिलं. विंगेत ऋषिकेश दोन्ही हातांनी नाही-नाही करत होता. पण अंकितकडे नाटकाच्या सहा वर्षांत एकदाही कोणी काही पुन्हा मागितलं नव्हतं. तो शांतपणे बाहेर गेला, पुन्हा ऐटीत आत आला, पायऱ्या चढला आणि पहिल्यापेक्षा सुंदर पडला. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतःहून एक कोलांटी घातली.

तिथून गाडीचे ब्रेक गेले. दूतानं युद्धाचा खलिता वाचला, मुलांना त्याचा आवाज आवडला. खलिता पुन्हा वाचावा लागला. पहिल्यांदा राजा दचकून उठला होता. दुसऱ्यांदा एवढं दचकणं त्या बिचाऱ्याला जमेना, म्हणून तो म्हणाला, "दूता, हे तर आम्हांस ठाऊकच आहे!" यावर खालून एवढा हशा झाला की त्यालाही वन्स मोअर मिळाला. दासीनं ओवाळलं, वन्स मोअर. जादूगारानं धूर काढला, वन्स मोअर. दुसऱ्या धुरात राजा खोकला, तर मुलांनी तो खोकलाही मागितला.

मध्यंतर झालं तेव्हा बारा पंचवीस झाले होते.

रंगपटात ऋषिकेश डोकं धरून बसला होता. "सर, पंचवीस मिनिटं गेली! हे पोट्टे कोणं असे तयार केले?"

"लहान आहेत गा," वामनराव हातातल्या वहीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले. "आवडते म्हणून वरडतात."

राजमातेच्या वेषात बसलेल्या पुष्पलताबाईंनी आरशातून नवऱ्याकडे पाहिलं. "धूळ नाही तिथं," त्या म्हणाल्या. "काहून पुसून राहिले?"

वामनराव बाल्कनीकडे निघाले. जिन्याच्या चाळीस पायऱ्या चढून ते मुलांसमोर धापा टाकत उभे राहिले.

"पोट्टेहो, चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही. वन्स मोअर फक्त गाण्याले. पडण्याले नाही, खोकण्याले नाही, धुराले तं बिलकुल नाही. फक्त गाण्याले!"

"समजलं सर!" चाळीस आवाज म्हणाले.

मुग्धाचा हात वर होता. "सर, पण सगळीच गाणी आवडली तर?"

सगळ्या बाजूंनी विचार करता, खरा शिक्षक या प्रश्नाला नाही म्हणूच शकत नाही. वामनराव म्हणाले, "तं मग तुमचा कान चांगला आहे," आणि खाली आले.

दुसऱ्या अंकात मुलांनी गुरूची आज्ञा काटेकोर पाळली. सेनापती तलवारीनं घायाळ होऊन पडला, तेव्हा वर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. अंकित पडल्या पडल्या एक डोळा उघडून वाट पाहत राहिला, शेवटी निराश होऊन मेला. पण गाण्यांची गोष्ट वेगळी होती. विहंग नायक होता, गोपिका नायिका. विहंगचं पहिलं पद संपलं, वन्स मोअर. गोपिकेचं पद, वन्स मोअर. आणि आता मुलं एकटी राहिली नव्हती. खालच्या रांगांतले म्हातारे, ज्यांनी हे दोन शब्द शेवटचे कधी उच्चारले ते त्यांना आठवत नव्हतं, तेही काठ्या आपटत ओरडू लागले. त्यांच्या शेजारच्या सुना-नातवंडांनी आधी लाजून पाहिलं, मग त्याही ओरडल्या.

आणि खरं सांगायचं तर मुलांची काही चूक नव्हती. गोपिका दुसऱ्यांदा गायली तेव्हा तिनं एका जागी सुरांची अशी नाजूक हरकत घेतली, की ती तालमीत कधी आली नव्हती. तिलाही ती कुठून आली ते कळलं नाही. ती गाता गाता हसली. वामनरावांनी ऑर्गनवर तीच जागा उचलून तिला परत दिली. गाणं खरोखर समोर जन्मत होतं, फक्त जुळं जन्मत होतं. ऋषिकेशनं कात्री लावून काढलेला सगळा वेळ पोरांनी वेचून वेचून परत आणून ठेवला.

एक चाळीसला सभागृहाच्या बाजूच्या दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. छातीला मोठा बिल्ला, हातात गुंडाळलेला फलक. ते मेळाव्याचे संयोजक प्रेमानंद. ऋषिकेश त्यांच्याशी बोलून विंगेच्या कडेला आला आणि खाली वाकून ऑर्गनपाशी कुजबुजला.

"सर, हॉल मागून राहिले. बरोबरच आहे त्यांचं. आता गद्य प्रवेश आहे, तो होऊ देतो. मग राजमाता आशीर्वाद देईल आणि पडदा. भैरवी काढावी लागन."

वामनरावांनी वहीत भैरवीचंच पान उघडून ठेवलं होतं. "भैरवी?"

"सात मिनिटाची आहे सर. अन् वन्स मोअर झाला तं चौदा. माझा जीव तुटून राहिला, पण काय करू? काकूले मी कोणत्या तोंडानं सांगू? तुमीच सांगा ना."

वामनरावांनी वर पाहिलं. विंगेत पुष्पलताबाई उभ्या होत्या. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत सूर लावून पाहत. आता केसांना पावडरीची गरज नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांनी बायकोला वन्स मोअर मिळवून द्यायला निघालेल्या माणसानं तिचं गाणंच घालवलं होतं.

गद्य प्रवेश नऊ मिनिटांचा होता. वामनराव उठले, वाकून वाकून अंधारातून बाजूच्या दाराशी गेले आणि प्रेमानंदांना म्हणाले, "फक्त सात मिनिटं द्या."

"काका, बाहेर एकशे ब्याऐंशी पोरं-पोरी उन्हात उभी आहेत," प्रेमानंद घाम पुसत म्हणाले. "पोरीइचा मेकअप उतरून राहिला, पोराइच्या टाया ढिल्या झाल्या. अजून पंधरा मिनिटं उभे राहिले तं कोणी कोणाले पसंत नाही करणार."

"त्याइले आत घ्या ना. मागच्या आठ रांगा रिकाम्या आहेत. एसी आहे."

"ते ठीक. पण सात मिनिटं म्हणजे किती? मी बाहेरून पाऊण तास ऐकून राहिलो. तुमच्याकडे सातचे चौदा होतात."

"नाही होणार. या गाण्याले वन्स मोअर नाही. शब्द देतो."

"कोणाचा शब्द?"

वामनराव म्हणाले, "मास्तरचा."

प्रेमानंदांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. फलक काखेत धरला. "मास्तरचा शब्द म्हणता, तं मग बोलणंच संपलं. घ्या सात मिनिटं. आठवं झालं की मी स्टेजवर येतो."

शब्द देऊन झाल्यावर वामनरावांच्या लक्षात आलं की तो पाळणं आपल्या हातात नाही. तो बाल्कनीत बसलेल्या चाळीस तोंडांच्या हातात होता. तिथला जिना बाहेरून होता, आणि गद्य प्रवेश संपत आला होता. ते धावत ऑर्गनपाशी पोचले तोच ऋषिकेशनं विंगेतून खूण केली. त्यांनी मान हलवली, आहे, भैरवी आहे. ऋषिकेशनं दोन्ही हात जोडले. वर बाल्कनीत मिट्ट अंधार होता. खाली ऑर्गनवरचा दिवा तेवढा वामनरावांच्या बोटांपुरता. कोणाला खूण करणार?

त्यांनी सूर धरला.

नाटकात तेव्हा असा प्रसंग होता. राजपुत्र राज्य सोडून कायमचा दूर निघाला आहे, आणि सगळा दरबार त्याला थांबवत असताना एकटी आई त्याला जा म्हणते. पुष्पलताबाई दोन पावलं पुढे आल्या.

"जा राजसा तू, वळुनी न पाही,
दीप दाराशी तेवत राही..."

आवाज एकोणसत्तर वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षी त्या वरचा षड्ज बाणासारखा लावत. आता तो तसा लागणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या तिथवर गेल्या, त्याला नुसता हात लावला आणि हळूच खाली उतरल्या, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालून आई मागे सरते तशा. "वळुनी न पाही" दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी स्वतःच मान वळवली. विहंग राजपुत्र झाला होता. तालमीत तो इथे तीन पावलं मोजून निघून जायचा. आज त्याला पहिलं पाऊल उचलायलाच वेळ लागला.

वामनराव वाजवत होते आणि मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, पोट्टेहो, गप्प बसा रे, मास्तरचा शब्द आहे. दुसरा म्हणत होता, वरडा रे, एकदा वरडा, पुन्हा असा दिवस नाही यायचा. शेवटची ओळ आली. त्यांनी सूर लांबवला, मग सोडला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

बाल्कनीतून एक शब्द आला नाही. खालून नाही, मागच्या आठ रांगांतून नाही. कोणी उठलंही नाही. पडदा हळूहळू खाली आला, तो पूर्ण टेकला, आणि मग कुठे कोणाला तरी टाळी आठवली. मग ती थांबेना. छातीवर क्रमांक लावलेली एकशे ब्याऐंशी मुलं-मुली उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि सदतीस नंबरचा मुलगा एकशे चार नंबरच्या मुलीला आपला रुमाल देत होता. मेळावा तिथेच सुरू झाल्यासारखा होता.

प्रेमानंद ऑर्गनपाशी आले. "मास्तर, साडेसहा मिनिटं," ते म्हणाले. फलक अजून काखेतच होता. "शब्द पाळला तुमी."

वामनराव हसले, पण हसू पोचलं नाही. दहा पदांना वन्स मोअर, पडण्याला वन्स मोअर, खोकल्याला वन्स मोअर. फक्त तिलाच नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात मुलं ओळीनं उभी होती. रागवायचं नाही असं ठरवूनच वामनराव त्यांच्यापाशी गेले. तरी विचारल्याशिवाय राहवेना.

"काय रे पोट्टेहो, शेवटचं गाणं नाही आवडलं का?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. "आवडलं सर," एक जण म्हणाला. "आम्ही वरडणारच होतो. पण मुग्धानं हात धरला. म्हणे, वरडू नका."

"काहून वं मुग्धा?"

मुग्धानं आज पहिल्यांदाच हात वर केला नव्हता. ती चपलेकडे पाहत म्हणाली, "सर, आजीनं त्या दादाले किती मुश्किलीनं जाऊ दिलं. एकदा कसंतरी दिलं. पुन्हा म्हणायले लावलं असतं, तं आजीले पुन्हा जाऊ द्यावं लागलं असतं ना त्याले."

वामनराव तिच्या उंचीला वाकले. चाळीस वर्षांत एवढं बरोबर उत्तर त्यांच्या वर्गात कोणी दिलं नव्हतं, आणि पुस्तकात तर ते नव्हतंच.

"म्हणजे," मागून आवाज आला, "बाकीचे सगळे वन्स मोअर तुमी शिकवले व्हय?"

पुष्पलताबाई राजमातेच्या शालूतच दारात उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या, कोण जाणे.

"एकच पाहिजे होता," वामनराव पुटपुटले. "तुझ्यासाठी. भाजी निवडताना तू म्हटली होती..."

पुष्पलताबाई पुढे आल्या. मग मुकुट काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. "उद्यापासून तुमी सतरंजीवर बसा," त्या म्हणाल्या, "अन् या पोट्टीले खुर्चीवर बसवा."

मुलं खदखदून हसली. आतून ध्वनिक्षेपकावर प्रेमानंद वधू-वरांना जागेवर बसायची विनंती करत होते, आणि कोणीही बसत नसावं असं ऐकू येत होतं.

मुग्धानं शालूचा पदर हळूच ओढला.

"आजी, घरी गेल्यावर म्हणाल का ते गाणं पुन्हा? घरी तं कोणीच सोडून जाऊन नाही राहिलं ना."

पुष्पलताबाईंनी पदर कमरेला खोचला. त्यांनी मुग्धाचा हात धरला, दोन पावलं चालल्या, आणि मग मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का जी? हा वन्स मोअर कोणी शिकवला नाही."

"नाही," मुकुट दोन्ही हातांत सांभाळत वामनराव म्हणाले.

"मग चला लवकर. ऑटो पाहा."